घटक ५ : पाट्या टाकणे – नोकरकपात, मनोधैर्य आणि कामातील अनास्था

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला कामचुकारपणा आणि कामातील अनास्था यांतील भेद स्पष्ट करता येईल. नोकरकपातीच्या काळात कामगार आपले काम किमान पातळीवर का आणतात, याची समाजशास्त्रीय मीमांसा करता येईल. हॉथॉर्न येथील तारजोडणी खोलीचा अभ्यास व मुंबईच्या गिरण्यांतील अनुभव यांची तुलना करता येईल. ‘ले-ऑफ’ आणि ‘कामगार कपात’ या दोन संज्ञांचा भारतीय कायद्यातील अर्थही सांगता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी बहुतेक जण नोकरी, व्यवसाय किंवा घरकाम सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. त्यामुळे या घटकाचा विषय आपल्याला पुस्तकातून प्रथमच भेटणार नाही. कार्यालयातील निम्मी टेबले रिकामी झाली आहेत, उरलेल्यांपैकी कोणाचा क्रमांक पुढे लागेल याची कुजबुज चालू आहे, आणि एके काळी सहा वाजून गेले तरी फाइल पुरी केल्याशिवाय न उठणारा सहकारी आता पावणेसहालाच पिशवी आवरून बसलेला आहे. हे दृश्य आपण पाहिले असेल. कदाचित तो सहकारी आपणच असू.

२०२२ मध्ये समाजमाध्यमांवर ‘क्वाएट क्विटिंग’ हा शब्दप्रयोग जगभर पसरला. नोकरी न सोडता, ठरवून दिलेल्या कामापलीकडे काहीही न करणे, असा त्याचा अर्थ. त्याआधी, २०२१ मध्ये, चीनमधील तरुणांत ‘तांग पिंग’ म्हणजे ‘आडवे पडून राहणे’ हा शब्द रूढ झाला होता. गॅलप या संस्थेच्या २०२३ च्या अहवालात जगभरातील अवघे २३ टक्के कर्मचारी कामात मनापासून गुंतलेले आहेत, ५९ टक्के गुंतलेले नाहीत आणि १८ टक्के उघडपणे दुरावलेले आहेत, असे म्हटले होते. ही आकडेवारी सावधपणे वाचावी. ती एका ठरावीक प्रश्नावलीच्या उत्तरांवर आधारलेली आहे, आणि ती देणारी संस्था कंपन्यांना या दुखण्यावरचा सल्लाही विकते. शिवाय शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. मराठीत तिला शतकभरापूर्वीपासून नावे आहेत.

५.२ शब्दांत दडलेला निवाडा

‘पाट्या टाकणे’ हा आपला सर्वांत बोलका वाक्प्रचार. पाटी म्हणजे माती वाहण्याची टोपली. रोजंदारीवर माती उपसणारा माणूस पाटी भरतो, नेतो, टाकतो आणि परत येतो. खड्डा कशासाठी खणला जात आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. या प्रतिमेत काम चालू आहे, हातही हलत आहेत. नाही ते मन. ‘अंग चोरणे’, ‘दिवस भरणे’, ‘वेळ मारून नेणे’, ‘उरकणे’, ‘चालढकल करणे’, ‘कामचुकार’, ‘पोटार्थी’ ही सगळी याच कुळातील शब्दसंपदा होय.

हे शब्द नीट ऐकले तर ध्यानात येते की त्यांत वर्णनाबरोबर निवाडाही आहे. ‘अंग चोरणे’ या प्रयोगात कामगाराचे स्वतःचे अंग हीच चोरीची वस्तू ठरते. जणू त्याचे शरीर मालकाच्या मालकीचे होते आणि त्याने त्यातील थोडे लपवून ठेवले. ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ या म्हणण्यात पगार हा श्रमाचा मोबदला न राहता उपकार होतो. याउलट ‘अंग राखून काम करणे’ या प्रयोगात किंचित वेगळा सूर आहे. राखणे म्हणजे जपणे. येथे माणूस काहीतरी वाचवीत आहे, असे भाषाच कबूल करते. आणि मन नसलेल्या कामाला आपण ‘वेठबिगारीसारखे काम’ म्हणतो, तेव्हा तर बोट कामगाराकडून वेठीला धरणाऱ्याकडे वळते.

अभ्यासकाने या दोन्ही सुरांची नोंद घ्यावी. कामचुकारपणा हा व्यक्तीचा स्वभावदोष असू शकतो. तो तेजीच्या काळातही दिसतो आणि मंदीतही. अनास्था मात्र बहुधा परिस्थितीतून घडते. काल मन लावून काम करणारा माणूस आज पाट्या टाकू लागला असेल, तर ‘तो कसा आहे?’ हा प्रश्न अपुरा पडतो. ‘मधल्या काळात काय झाले?’ असे विचारावे लागते.

५.३ हॉथॉर्नची तारजोडणी खोली

अमेरिकेत शिकागो शहराला लागून असलेल्या सिसेरो या गावी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा ‘हॉथॉर्न वर्क्स’ हा टेलिफोन सामग्रीचा प्रचंड कारखाना होता. १९२४ पासून पुढील आठ-नऊ वर्षे तेथे जे अभ्यास झाले, त्यांतील प्रकाशयोजनेचा प्रयोग व मुलींच्या जुळणी खोलीचा प्रयोग सर्व पाठ्यपुस्तकांत आढळतात. ‘लक्ष दिले की उत्पादन वाढते’ असा त्यांचा सोपा सारांश पाठ करवून घेतला जातो. त्याच मालिकेतील शेवटचा अभ्यास मात्र घाईने उरकला जातो. आपल्या विषयाच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा आहे.

नोव्हेंबर १९३१ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजच्या जोडपट्ट्यांना तारा जोडणाऱ्या १४ पुरुष कामगारांना एका वेगळ्या खोलीत बसवण्यात आले. त्यांत ९ तारा जोडणारे, ३ डाख देणारे आणि २ तपासनीस होते. खोलीत एक निरीक्षक बसे. तो कामात ढवळाढवळ न करता केवळ नोंदी ठेवी. येथे प्रकाश, विश्रांती, पगार यांपैकी काहीही बदलण्यात आले नाही. माणसे रोज जसे काम करतात तसे करू द्यायचे आणि पाहायचे, एवढाच उद्देश होता.

कंपनीच्या मोजणीनुसार एका कामगाराने दिवसाला ७,३१२ जोडण्या कराव्यात अशी अपेक्षा होती. वेतनपद्धती गटाच्या उत्पादनावर आधारलेली होती. जास्त काम झाले की सर्वांनाच थोडे जास्त मिळणार. कागदावर पाहता प्रत्येकाने झपाट्याने काम करायला हवे होते. प्रत्यक्षात कामगारांनी आपसांत एक वेगळाच आकडा मानला होता. यंत्राच्या प्रकारानुसार ६,६०० किंवा ६,००० जोडण्या, म्हणजे दोन पूर्ण संच, हे ‘दिवसाचे रास्त काम’. सकाळी हात भराभर चालत आणि दुपारनंतर मंदावत. कोणी एखाद्या दिवशी जास्त काम केलेच, तर ते सगळे नोंदवीत नसे. शिल्लक ठेवून दुसऱ्या दिवशीच्या खात्यात घाली. परिणामी कागदावरील उत्पादनाची रेघ दिवसेंदिवस सरळ दिसे. हाताखालच्या माणसांचा हा व्यवहार त्यांच्या मुकादमालाही माहीत होता. तो त्यांच्यातच मिसळलेला होता आणि वरिष्ठांपासून त्यांना सांभाळून घेत होता.

या आकड्याच्या रक्षणासाठी खोलीत अलिखित नियम होते. फार जास्त काम करणारा ‘दर बिघडवणारा’ ठरे. वरिष्ठांकडे चुगली करणे हा मोठा अपराध होता. नियम मोडणाऱ्याच्या दंडावर मुठीचा एक ठोसा बसे. या ठोशाला त्यांच्या बोलीत ‘बिंगिंग’ असे नावही होते. चेष्टा, टोपणनावे आणि अबोला ही शिक्षेची दुसरी साधने.

येथपर्यंतचे वर्णन वाचून ‘संघटित आळस’ असे म्हणण्याचा मोह होईल. फ्रेडरिक टेलर यांनी १९११ मधील आपल्या शास्त्रीय व्यवस्थापनावरील पुस्तकात याच वर्तनाला कामगारांचा पद्धतशीर संथपणा म्हटले होते. पण त्यांनीही त्याचे कारण प्रांजळपणे सांगितले आहे : कामगाराने उत्पादन वाढवले की मालक नगामागचा दर कमी करतो, हे कामगार अनुभवाने शिकलेला असतो.

हॉथॉर्नच्या खोलीत आणखी एक नियम होता, आणि तो विसरता कामा नये. फार कमी काम करणाऱ्यालाही तेथे माफी नव्हती. जो ठरल्यापेक्षा कमी काम करी, तो इतरांच्या श्रमावर जगणारा लबाड ठरे. म्हणजे गटाने कामाला छत घातले होते, तशी जमीनही घातली होती. मागे पडलेल्याला नियमाविरुद्ध मदत केली जाई, कामाची अदलाबदल केली जाई. या किमान कामाच्या मागे नीती होती. फक्त ती कंपनीने लिहिलेली नव्हती.

आता काळाकडे पाहू. १९२९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील शेअरबाजार कोसळला होता. १९३१-३२ मध्ये महामंदी ऐन भरात होती, टेलिफोनची मागणी आटली होती आणि खुद्द हॉथॉर्नमध्ये कामगारांना घरी पाठवले जात होते. खोलीतील माणसांना विचारले असता ती म्हणत : जास्त काम केले तर अपेक्षेचा आकडा वाढेल, दर कमी होईल, नाही तर कोणाची तरी नोकरी जाईल. रथलिसबर्गर व डिक्सन यांनी १९३९ मध्ये या अभ्यासाचा सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे मत असे की या कामगारांपैकी कोणालाही दरकपातीचा प्रत्यक्ष अनुभव नव्हता. त्यामुळे त्यांचे वर्तन हिशेबापेक्षा भावनेतून, गटाच्या सामाजिक रचनेतून आलेले होते. पुढील अनेक अभ्यासकांनी या निष्कर्षावर आक्षेप घेतला.

प्रस्तुत लेखकालाही हा निष्कर्ष पटत नाही. ज्या कारखान्यात मागणी मर्यादित आहे आणि काम संपले की माणूस घरी जातो, तेथे काम लवकर संपवणे म्हणजे स्वतःच्या पायाखालची फळी कापणे होय. त्यासाठी दरकपातीचा वैयक्तिक अनुभव लागत नाही; फाटकाबाहेर जाणारी माणसे खिडकीतून दिसली तरी पुरते. मे १९३२ मध्ये हा अभ्यास थांबवावा लागला. कारण कामच उरले नव्हते.

आपली प्रगती तपासा : तारजोडणी खोलीतील गटाने ‘जास्त’ आणि ‘कमी’ अशा दोन्ही टोकांना बंदी का घातली असावी? पाच-सहा ओळींत लिहा. उत्तर लिहिताना वेतन गटाच्या उत्पादनावर अवलंबून होते, हे लक्षात घ्या.

५.४ गिरणगाव : संप, खाडा आणि बदली

त्याच सुमारास मुंबईत काय चालले होते? कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीपासून सुरू झालेला मुंबईचा कापडउद्योग १९२० च्या दशकात अडचणीत होता. गिरणीमालकांनी त्यावर काढलेल्या उपायाला ‘रॅशनलायझेशन’ असे नाव होते. विणकराने दोन साच्यांऐवजी तीन साचे चालवावेत, कातखात्यातील कामगाराने दुप्पट बाजू सांभाळावी आणि उरलेल्यांना कमी करावे, असा त्याचा व्यवहारातील अर्थ. कामगारांचे गणित हॉथॉर्नसारखेच होते : मी तिसरा साचा घेतला, तर शेजारचा घरी जाईल.

येथे उत्तर मात्र वेगळे आले. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ या काळात सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते. त्याच वर्षी गिरणी कामगार युनियनची स्थापना झाली. जे भय सिसेरोच्या खोलीत दबक्या आवाजात, हात आखडून व्यक्त होत होते, ते परळ-लालबागच्या रस्त्यावर उघड बोलले गेले. या फरकाची अनेक कारणे दाखवता येतील. त्यांतील एक ठळक कारण असे की हॉथॉर्नमध्ये कामगारांची स्वतंत्र संघटना नव्हती आणि मुंबईत ती उभी राहत होती.

परंतु गिरणगावातही रोजचा, अबोल प्रतिकार होताच. त्याचे नाव ‘खाडा’. न सांगता गैरहजर राहणे, गावी जाऊन दोन आठवडे जास्त राहणे, पाळीत बिडीसाठी खात्याबाहेर रेंगाळणे यांविषयीच्या मालकांच्या तक्रारी जुन्या आहेत. या खाड्याची दुसरी बाजू म्हणजे बदली कामगार. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी काम मिळेल, या आशेने तो रोज पाळीच्या वेळी गिरणीच्या फाटकाशी उभा राही. एकाचा खाडा ही दुसऱ्याची भाकरी होती. बदलीवर वर्षानुवर्षे काढलेल्या माणसाकडून गिरणीविषयी आपुलकीची अपेक्षा करणे कठीण. तरीही कायम होण्याच्या आशेने बदली कामगार कित्येकदा कायम कामगारापेक्षा जास्त राबत असे. असुरक्षितता माणसाला राबवते, की हात आखडायला लावते? या प्रश्नाकडे आपण ५.६ मध्ये परत येऊ.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमानुसार राष्ट्रीय मिल मजदूर संघ हीच कापडउद्योगातील प्रातिनिधिक संघटना मानली जात होती. म्हणून बहुसंख्य कामगार ज्यांच्या मागे होते, त्यांच्याशी बोलणी करण्याची कायदेशीर वाट नव्हती. संप वर्षाहून अधिक काळ चालला, विधिवत मागे कधीच घेतला गेला नाही आणि हजारो कामगारांना गिरणीचे फाटक पुन्हा दिसले नाही. १९२८ मध्ये उघडलेला आवाज अर्ध्या शतकानंतर ऐकणाऱ्याविना राहिला.

५.५ निर्गमन, वाचा, निष्ठा – आणि चौथी वाट

वरील दोन उदाहरणांना एका चौकटीत आणण्यासाठी अल्बर्ट हर्शमन यांचा १९७० मधील सिद्धान्त उपयोगी पडतो. संस्थेचा कारभार बिघडला की सभासदापुढे दोन मार्ग असतात : बाहेर पडणे, म्हणजे निर्गमन, किंवा आत राहून बोलणे, म्हणजे वाचा. निष्ठा असेल तर माणूस बाहेर पडण्याआधी बोलून पाहतो. १९८० च्या दशकात कॅरिल रस्बुल्ट, डॅन फॅरेल आदी संशोधकांनी या त्रयीला चौथा मार्ग जोडला : दुर्लक्ष. माणूस जात नाही, बोलत नाही आणि श्रद्धेने वाटही पाहत नाही. तो कामातून हळूहळू स्वतःला काढून घेतो.

ही चौथी वाट कधी धरली जाते? बाहेर दुसरी नोकरी नाही आणि आत बोलण्याची सोय नाही, अशा वेळी. नोकरकपातीच्या काळात या दोन्ही गोष्टी एकदमच घडतात. एका कंपनीत कपात होते तेव्हा बहुधा संपूर्ण क्षेत्रातच भरती थांबलेली असते, आणि यादी तयार होत असताना तोंड उघडणे म्हणजे आपले नाव सुचवणे.

२०२२ च्या अखेरीस व २०२३ च्या प्रारंभी अमेरिकेतील मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांनी कपात केली. मेटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ११ हजार, तर गूगलने जानेवारी २०२३ मध्ये १२ हजार पदे कमी करण्याचे जाहीर केले. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर येथून गेलेली अनेक मराठी मुलेमुली तेथे ‘एच-१ बी’ व्हिसावर काम करीत होती. हा व्हिसा नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी गेल्यावर नवी शोधण्यास किंवा देश सोडण्यास साधारणपणे ६० दिवस मिळतात. घराचे हप्ते आणि मुलांची शाळा तेथे असलेल्या माणसाला निर्गमन आणि वाचा या दोन्ही वाटा बंद झालेल्या असतात. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास पदे कमी करण्याचे जाहीर केल्यावर तेच भय हिंजवडी आणि ऐरोलीपर्यंत येऊन पोहोचले.

अनास्थेत नेमके काय काढून घेतले जाते, हेही पाहू. ख्रिस आर्जिरिस यांनी १९६० मध्ये ‘मानसिक करार’ ही कल्पना मांडली आणि १९८९ पासून डेनिस रूसो यांनी तिचा विस्तार केला. नेमणूकपत्रात वेळ, वेतन, हुद्दा लिहिलेला असतो. त्याखाली एक न लिहिलेला करार असतो : मी जास्तीचे करीन, तुम्ही मला वाऱ्यावर सोडणार नाही. समजा, एका विमा कार्यालयात नऊ जणांचे काम सहा जणांवर आले आहे. सहाही जण वेळेवर येतात, ठरलेले अर्ज तपासतात. तरीही कार्यालय कुरकुरू लागते. पूर्वी एक वरिष्ठ लिपिक अर्जात त्रुटी दिसली की ग्राहकाला फोन करीत असे. आता तो अर्ज नियमाप्रमाणे ‘त्रुटीसह परत’ जातो. नव्या मुलीला संगणकातील खाचाखोचा शेजारची बाई दाखवीत असे. आता ती ‘परिपत्रक वाचा’ म्हणते. यांपैकी एकही काम कोणाच्या कर्तव्यसूचीत नव्हते. म्हणून ते न केल्याबद्दल कोणावर ठपकाही ठेवता येत नाही. ‘नियमानुसार काम’ आंदोलनाने कारभार ठप्प होतो याचे कारण हेच : कोणतीही संस्था केवळ नियमांवर चालत नाही.

५.६ मागे राहिलेले

कपातीचा विचार करताना आपले लक्ष स्वाभाविकपणे ज्यांची नोकरी गेली त्यांच्याकडे जाते. संशोधकांनी मागे राहिलेल्यांकडेही पाहिले आहे. जोएल ब्रॉकनर व सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून असे दिसले की राहिलेल्यांची वृत्ती मुख्यतः एका गोष्टीवर ठरते : गेलेल्यांना न्यायाने वागवले गेले का? निकष सांगितले होते का, पूर्वसूचना दिली होती का, वीस वर्षे काम केलेल्या माणसाला सुरक्षारक्षकाच्या पहाऱ्यात टेबल रिकामे करायला लावले का? राहिलेला माणूस हे सर्व पाहत असतो. ती त्याच्या स्वतःच्या निरोपाची रंगीत तालीम असते.

ब्रॉकनर यांच्याच १९९२ मधील एका अभ्यासात बदली कामगाराच्या कोड्याचे उत्तर सापडते. असुरक्षितता आणि मेहनत यांचा आलेख सरळ चढत नाही. तो उलट्या ठेवलेल्या वाटीसारखा असतो. नोकरी पूर्ण सुरक्षित वाटली तर मेहनत बेताची राहते. धोका आहे पण मेहनतीने तो टळू शकतो, असे वाटले तर ती वाढते. धोका अटळ वाटू लागला की ती पुन्हा खाली येते. कायम होण्याची आशा असलेला बदली कामगार या वाटीच्या माथ्यावर होता. कामगिरी उत्तम असूनही सहकाऱ्याचे नाव यादीत आलेले पाहणारा कर्मचारी दुसऱ्या उतारावर असतो. ‘भीती घातली की माणसे काम करतात’ असे मानणाऱ्या व्यवस्थापकांना या आलेखाचा पहिला अर्धा भागच दिसतो.

येथे हॉथॉर्नशी तुलना करता एक मोठा फरक ध्यानात येतो. त्या खोलीतील मर्यादा सर्वांनी मिळून ठरवलेली होती. आजचा कर्मचारी ती एकट्याने, मनातल्या मनात ठरवतो. घरून काम करणाऱ्याला तर शेजारी कोण किती काम करतो हेही कळत नाही. त्यामुळे छत प्रत्येकाचे वेगळे आणि जमीन कोणाचीच नाही. एकाने हात आखडला की त्याचे काम व्यवस्थापनाच्या अंगावर क्वचितच पडते. ते पडते शेजारच्या टेबलावर, बहुधा नुकत्याच लागलेल्या कंत्राटी मुलावर, ज्याला नाही म्हणण्याची मुभाच नाही. किंवा दोन बस बदलून तिसऱ्यांदा आलेल्या अर्जदारावर. अनास्थेची कारणे समजून घेणे म्हणजे तिचे बिल कोण भरतो याकडे डोळेझाक करणे नव्हे.

आणि त्या बिलात कर्मचाऱ्याचाही वाटा असतो. विल्यम कान यांनी १९९० मध्ये एका उन्हाळी शिबिरातील मार्गदर्शकांचा व एका वास्तुरचना संस्थेतील कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. माणूस कामात स्वतःला ओततो तो तीन अटींवर, असे त्यांना आढळले : कामाला अर्थ हवा, मोकळेपणाने वागण्याची निर्धास्तता हवी आणि अंगी तेवढी शक्ती उरलेली हवी. या अटी तुटल्यावर माणूस स्वतःला मागे घेतो. परंतु दिवसाचे आठ तास स्वतःला मागे घेऊन बसणे हेही श्रमच आहेत. हातातील कसब वापराविना बोथट होते. संध्याकाळी घरी आलेला माणूस थकलेला असतो आणि कशाने थकलो, हे त्याला सांगता येत नाही.

५.७ कायद्याची भाषा

बातम्यांत ‘ले-ऑफ’ हा शब्द नोकरीवरून काढणे या अर्थाने येतो. तो अमेरिकी वापर आहे. भारताच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात ‘ले-ऑफ’ म्हणजे कोळसा, वीज, कच्चा माल यांची टंचाई, मालाचा साठा किंवा यंत्रातील बिघाड अशा कारणांनी मालक कामगाराला तात्पुरते काम देऊ न शकणे. या काळात नोकरीचे नाते तुटत नाही, आणि अटी पूर्ण करणाऱ्या कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. नाते तोडण्याला ‘कामगार कपात’ म्हणतात. तिच्यासाठी एक महिन्याची नोटीस, पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन आणि ‘शेवटी आला तो प्रथम जाईल’ हे तत्त्व सांगितलेले आहे. मोठ्या कारखान्यांना शासनाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. ही मर्यादा १९७६ मध्ये ३०० कामगारांची होती, १९८२ च्या दुरुस्तीने ती १०० वर आली आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत पुन्हा ३०० झाली.

हे संरक्षण ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांनाच आहे. व्यवस्थापकीय पदावरील व्यक्ती त्यात येत नाहीत. ‘राजीनामा द्या, अनुभवपत्र चांगले देऊ’ असे सांगून नोकरी संपवली जाते, तेव्हा कागदावर कपात झालेलीच नसते. दुसऱ्या बाजूने, हेतुपुरस्सर मंदगतीने काम करण्यास चिथावणी देणे ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियमानुसार संघटनेची अनुचित प्रथा ठरते. हॉथॉर्नच्या खोलीतील समजूत तेथे कोणी संघटना म्हणून जाहीर केली असती, तर ती या व्याख्येजवळ पोहोचली असती. एकट्याची अनास्था मात्र कायद्याच्या चिमट्यात सहसा सापडत नाही. ती सापडते वार्षिक मूल्यमापनाच्या तक्त्यात, आणि पुढील यादी त्या तक्त्यावरूनच तयार होते.

५.८ स्वाध्याय

(अ) ‘अंग चोरणे’ आणि ‘अंग राखणे’ या दोन वाक्प्रचारांतील दृष्टिकोनाचा भेद स्पष्ट करा. आपल्या बोलीतील अशा आणखी चार प्रयोगांची नोंद करून प्रत्येकात दोष कोणाकडे जातो ते सांगा.

(आ) तारजोडणी खोलीतील कामगारांचे वर्तन भावनेतून आले की हिशेबातून, याविषयीच्या दोन्ही मतांची चर्चा करून आपले मत सकारण मांडा.

(इ) १९२८ चा गिरणी संप आणि १९३१-३२ मधील हॉथॉर्न यांची तुलना हर्शमन यांच्या सिद्धान्ताच्या आधारे करा.

५.९ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिचयातील अशा एका व्यक्तीची मुलाखत घ्या, जिच्या कार्यालयातून किंवा कारखान्यातून सहकारी कमी केले गेले आणि ती स्वतः राहिली. ‘तुम्ही काम कमी केले का?’ असे विचारू नका. त्याचे उत्तर ‘नाही’ असेच येईल. कपातीपूर्वी ती कोणती कामे कोणी न सांगता करीत होती आणि त्यांतील कोणती आता करीत नाही, एवढेच विचारा. उत्तरे शक्यतो तिच्याच शब्दांत, बोलीसह उतरवून घ्या. व्यक्तीचे व संस्थेचे नाव कोठेही लिहू नका. मुलाखतीचा अहवाल चार पानांत लिहून संपर्कसत्रास येताना सोबत आणा.